मयूरेशची माती

वरण-भात सगळ्यांच्या पोटात गेल्याशिवाय विषय काढायचा नाही, असं ज्योत्स्नाबाईंनी ठरवलं होतं. रिकाम्या पोटी माणसं लवकर भडकतात. चंद्रहास तर भरल्या पोटीही भडकतो, पण निदान भरल्या पोटी उठून चालता तरी होत नाही. धाकटा भाऊ आहे, सोसायचं, दुसरं काय.

चंद्रहास पुण्याहून येऊन आठवडा झाला होता. ताईला बघायला आलो, असं तो येईल-जाईल त्याला सांगत होता. बघायला म्हणजे शेवटचं बघायला, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. इस्पितळाने उपचार थांबवून बाईंना त्सुकुबाच्या घरी पाठवलं होतं. नवं वर्ष दिसेल का, असं मधुरिमाने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान खाली घातली. जपानी माणसाने अशी मान घातली की पुढे विचारायचं नसतं, एवढं बाई या देशात राहून शिकल्या होत्या. मधुरिमा, त्यांची लेक, शिकली नव्हती. तिने पुन्हा विचारलं, आणि उत्तर ऐकून गाडीत बसून रडली.

आज सर्वपित्री अमावास्या होती, आणि इथला हिगानही कालच सुरू झालेला. म्हणजे इकडची माणसंही फुलं आणि पाण्याच्या बादल्या घेऊन आपापल्या पूर्वजांचे दगड धुवायला निघालेली. चंद्रहासला हा योग फारच आवडला. त्याने सकाळपासून मधुरिमाला कामाला जुंपून खीर, वडे, आमसुलाची चटणी असा सगळा घाट घातला आणि कागदी ताटलीत वाडी वाढून ती बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली. बाई म्हणाल्या, अरे, इथले कावळे गरीब नाहीत, कचऱ्यावरची जाळी फाडून पिशव्या पळवतात. पण ऐकेल तर तो चंद्रहास कसला. पुण्यात म्हणे हल्ली कावळ्याची तासन्‌तास वाट बघावी लागते. इथे त्याने हात मागे घेतला नाही तोच तीन कावळे उतरले. आई-बाबा इथवर आले म्हणून त्याचे डोळे भरले.

मग शेजारच्या बाई आल्या. त्यांनी दारात चार वेळा वाकून सांगितलं की कावळ्यांना बिचाऱ्यांना सवय लागली तर त्यांचीच पंचाईत होईल. तेत्सुओंनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, पाच वेळा वाकून माफी मागितली आणि ताटली आत आणली. चंद्रहास नंतर तासभर घुश्शात होता. तेत्सुरावांनी पितरांच्या तोंडचा घास काढला, असं तो दोनदा म्हणाला. तेत्सुओंना मराठी उत्तम येतं. तरुणपणी पुण्याच्या शेतकी कॉलेजात भातावर संशोधन करायला आले, तेव्हा पुस्तकावरून शिकले. ते कुत्र्यालाही तुम्ही म्हणत. हे वाक्यही त्यांना पुरतं कळलं.

वाडीत मयूरेशचं, बाईंच्या पहिल्या मुलाचं, नाव नव्हतं. असायचं कारणही नाही, तान्ह्या मुलाचं श्राद्ध नसतं. चंद्रहासने आई-बाबांची, काका-काकूंची नावं घेतली, तेत्सुओंच्या आई-वडिलांचीसुद्धा मोठ्या मनाने घेतली. बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या आणि ज्याचं नाव आलं नाही त्याचाच विचार करत होत्या.

जेवणं झाली. बाईंनी दोन चमचे वरण पोटात ढकललं, त्यालाच जेवण म्हणायचं. मधुरिमा इथली गोल, पाणीदार नासपती सोलायला बसली. तेव्हा बाई म्हणाल्या, "आता सगळे इथेच बसा. मला माझ्या मातीचं बोलायचंय."

बोलायचं ते त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी एक देऊळ आहे, त्याच्यामागे उतार आहे. तिथे दगड नाही, चौथरा नाही, नुसती झाडं. माणसाची राख सुती कापडात बांधून झाडाच्या मुळाशी मातीत ठेवतात. कापड कुजतं, राख मातीत मिळून जाते. याला इथे जुमोकुसो म्हणतात. वसंतात, चालवत होतं तेव्हा, तेत्सुओ त्यांना गाडीने तिकडे घेऊन गेले होते. बाईंनी एक ओकचं झाड पाहून ठेवलं. फार मोठं नाही, पण सरळ आहे. खाली ओकची फळं पडलेली असतात आणि ती गोळा करायला शाळेची मुलं येतात. तिथे ठेवा मला, बाई म्हणाल्या, मागे कोणी धुवायपुसायला येण्याची गरज नाही.

चंद्रहासने पहिल्यांदा डोळे मिटले, मग उघडले. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसाला एक तर जाळतात किंवा पुरतात. आधी जाळायचं आणि मग पुरायचं, हे कुठलं शास्त्र? आई-बाबांच्या अस्थी रामकुंडात गेल्या, आजोबांच्या गेल्या, ताईने काय घोडं मारलंय? बरं, सगळ्या नकोत, अर्ध्या तरी दे, मी हातात घेऊन विमानात बसतो.

"मी काय वाटणीची जमीन आहे?" बाई म्हणाल्या.

इथली पद्धत त्याला ठाऊक नव्हती, ती बाईंनी सांगितली. इथे राख घमेल्यात भरून देत नाहीत. भट्टीतून हाडं जशीच्या तशी बाहेर येतात, आणि घरचे दोघे-दोघे मिळून लांब काड्यांनी एकेक हाड उचलतात. पायापासून सुरुवात करतात, डोकं शेवटी, म्हणजे माणूस भांड्यात उभा राहतो. टोकियोच्या या बाजूला सगळी हाडं घ्यायची रीत आहे, क्योतोकडे थोडीच घेतात, बाकीची तिथेच सोडतात. चंद्रहासचा हात तोंडापर्यंत गेला. हे तू मला करायला लावणार का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, तू पाहुणा आहेस, तू चहा पी.

त्यांना वाटलं होतं, मधुरिमा आपल्या बाजूने उभी राहील. टोकियोतल्या बँकेत रोज दीड तास जाऊन-येऊन नोकरी करणारी, दगडधोंड्यांवर विश्वास नसलेली मुलगी. तिला उलट बरंच वाटेल, मागे कसलं लचांड नको म्हणून. पण मधुरिमाने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली की मामाचं बरोबर आहे. अर्धं तरी कुठेतरी नीट असायला हवं. तिला नाव लिहिलेलं काहीतरी हवं होतं. उद्या वादळ झालं, झाड पडलं, देवळाने जागा विकली, तर?

"वीस वर्षांनी मी कुठे जाऊन उभी राहू, आई?" ती म्हणाली. "या झाडाखाली की त्या? सगळी झाडं सारखीच दिसतात."

मामा आणि भाची यांची अशी युती झाली तशी बाईंना जरा हसूच आलं. सकाळी खिरीत वेलदोडा किती यावरून दोघांचं वाजलं होतं. पण युती टिकली नाही. मधुरिमा पुढे म्हणाली की खरं तर क्योतोला घरचा दगड आहेच. बाबांचे आई-वडील तिथे आहेत, काका आहे, बाबाही तिथेच जाणार, मग आईनेही तिथेच जावं. हे ऐकल्याबरोबर चंद्रहास फिरला. त्या म्हातारीच्या शेजारी? जिचं तोंड ताईने इतकी वर्षं बघितलं नाही, त्या सासूच्या शेजारी कायमचं? त्यापेक्षा झाड परवडलं. झाड बोलत तरी नाही. आता तो बहिणीच्या बाजूने भाचीशी भांडू लागला, आणि मधुरिमा त्याला सांगू लागली की मामा, पुण्याहून येऊन उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, इथे फुलं बदलायला मीच जाणार आहे.

तेत्सुओ नासपतीची फोड काट्याला टोचून तशीच धरून बसले होते. वसंतात त्या उतारावर ते म्हणाले होते, "मीही येईन, या झाडाखाली." थोरल्या भावाच्या मागे घराण्याच्या दगडाची जबाबदारी त्यांच्याकडे आलेली. सातआठ पिढ्या जिथे गेल्या तिथे न जाता ते बायकोबरोबर एका ओकखाली यायला तयार झाले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं मोठं प्रेमाचं बोलणं बाईंनी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आता ते बोलतील, सांगतील की आमचं ठरलंय, म्हणून बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी फोड ताटलीत परत ठेवली.

मग बाईंनीच आणखी एक सांगून टाकलं. झाड पसंत केल्यापासून मनात होतं, तेत्सुओंनाही सांगितलं नव्हतं.

"मी एकटी जाणार नाही. मयूरेशला क्योतोहून आणायचं. त्याचं भांडं बाहेर काढायचं आणि त्याला माझ्याबरोबर ठेवायचं. एकाच कापडात."

मधुरिमाने आपल्या थोरल्या भावाला पाहिलंही नव्हतं, ती त्याच्यानंतर दोन वर्षांनी जन्मली. घरात त्याचा एकच फोटो होता, आणि तोही कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेला. चंद्रहासच्या चेहऱ्यावरचा सगळा वाद उतरून गेला. तो हळूच म्हणाला, बरोबर आहे ताई, त्याला एकटं कशाला ठेवायचं. दोन्ही हट्टी माणसं एका वाक्यात विरघळली होती आणि बाईंना वाटलं, झालं, सुटलो. एवढंच हवं होतं.

तेत्सुओ उठून चहाचं पाणी ठेवायला गेले. चहा कोणी मागितला नव्हता.

"रेनला देवळात पाठवलंय मी," बाई त्यांच्या पाठीला म्हणाल्या. रेन म्हणजे मधुरिमाची मुलगी. क्योतोला विद्यापीठात शिकते, सायकलवर सगळं शहर पालथं घालते. हिगानची सुट्टी आहे तर दगडावर फुलं ठेव, आणि भांडं बाहेर काढायला काय करावं लागतं ते देवळात विचारून ये, असं आजीने तिला फोनवर सांगितलं होतं. ती दुपारच्या गाडीने यायची होती.

तेत्सुओ वळले. "रेनला पाठवलंत?" त्यांनी जपानीत विचारलं. घरात ते जपानीत बोलले की समजायचं, माणूस घाबरलाय. "मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही काय म्हणाला असतात?"

ते पुन्हा किटलीकडे वळले. तोंडात मिठाची गुळणी धरायची विद्या त्यांना घरातूनच मिळाली होती.

मयूरेश अकरा महिन्यांचा होऊन गेला. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. ज्योत्स्नाबाई तेव्हा या देशात नव्या होत्या, जपानी जेमतेम दुकानापुरतं. त्यांनी पुण्याला ट्रंककॉल लावला. खरखरीतून आईने दोन गोष्टी सांगितल्या. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, मातीत देतात. आणि बाईमाणसाने स्मशानात जायचं नाही. बाई तेत्सुओंच्या पायाशी बसल्या, त्याला जाळू नका, मातीत द्या म्हणाल्या. तेत्सुओ नगरपालिकेत जाऊन आले, दोन देवळांत जाऊन आले. तशी जागा कुठे मिळेना. क्योतोहून सासूबाई आल्या, काळा किमोनो घालून, आणि म्हणाल्या, इथे सगळ्यांनाच अग्नी देतात, माझ्या नातवालाही देतील. पहिली गोष्ट बाईंच्या हातात राहिली नाही. मग हातात होती ती दुसरी त्यांनी पाळली. त्या गेल्या नाहीत. भट्टीला गेल्या नाहीत. एकोणपन्नासाव्या दिवशी क्योतोला दगडाखाली ठेवायला सगळे देवळात गेले, तेव्हाही त्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसून राहिल्या.

या देशात आईने जायचं असतं. आईनेच मांडीवर भांडं घेऊन बसायचं असतं. हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि आपल्याकडे बाई का जात नाही हे सासूबाईंना कोणी सांगितलं नाही. देवळातून आल्यावर सासूबाईंनी मोरीत बराच वेळ हात धुतले. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, मुलाला पोचवायला जिला यावंसं वाटत नाही ती कसली आई. त्या वर्षी बाईंना जपानीतलं एक वाक्य पुरतं कळलं, ते हे. त्यानंतर त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. आणि त्या दगडापाशी तर कधीच नाही. दगडाखाली आपलं पोर पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यात झाकण लावून लोणच्यासारखं ठेवलंय, हे त्यांना डोळे मिटले की दिसायचं. बरणीत वारा नाही, ओल नाही, काही नाही. पंचेचाळीस वर्षं त्या बरणीसाठीच रडल्या.

रेन आली ती उदबत्तीचा वास घेऊनच. तिने आजीच्या गालाला गाल लावला, दप्तर टाकलं, वडा उचलला. आपण आनंदाची बातमी आणलीय असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती बोलते जपानीत, मधे मधे मराठी शब्द. बाईंना ते बोलणं गोड लागायचं.

"आजी, भांडं नाहीये," ती म्हणाली. "तिथे कोणाचंच भांडं नाहीये."

देवळातल्या म्हाताऱ्या गुरुजींनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. तिकडच्या जुन्या दगडांखाली फरशी नसते, उघडी माती असते. माणूस भांड्यातून येतो आणि पुढचा दगड सरकवून त्याला मातीत ओततात. भांडं बाहेरच राहतं. पणजोबा, पणजी, त्यांच्या आधीचे सगळे, तसेच मातीत. मयूरेशमामाही तसाच. काही वर्षांत माती आणि माणूस वेगळा काढता येत नाही, म्हणून बाहेर काढायला काही उरतच नाही.

"म्हणजे तुला हवं होतं तसंच आहे ना, आजी? नॅचरल. तो पहिल्यापासून मातीतच आहे."

बाईंना आधी काही वाटलंच नाही. मग काळजात चर्र झालं. तो मातीत होता. ज्यासाठी त्या तेत्सुओंच्या पायाशी बसल्या होत्या, तेच झालं होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचे हिगान आले आणि गेले. एखाद्या वर्षी गाडीत बसून गेल्या असत्या, दगडाच्या कडेला माती असते तिथे हात टेकवून बसल्या असत्या. तेवढं पुरलं असतं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं."

तेत्सुओ किटली हातात घेऊन उभे होते. मधुरिमाने ती त्यांच्या हातून काढून घेतली. ते बसले, आणि मराठीत बोलले, शब्द शोधत, पुस्तकातल्यासारखं.

"माझ्याकडून झालं नाही. दगड सरकवला आणि माझा हात आत जाईना. मग आईने हाडं बांधलेलं कापड माझ्याकडून घेतलं. तिने किमोनोची बाही खांद्यापर्यंत वर केली. तुमच्या मुलाला तिने ओतलं नाही. आत हात घालून एका कोपऱ्यात ठेवलं, वेगळं. वर हाताने माती ओढली. मूठभरच होता तो."

"आणि मला सांगितलं नाही."

"आई म्हणाली, ती आली नाही, तिला नको असेल. मला माहीत होतं तसं नाही. मी पहिल्याच वर्षी सांगणार होतो, पण तुम्ही त्या दिवसाचं नाव काढू देत नव्हता. मग दहा वर्षं झाली. दहा वर्षांनी सांगितलं तर तुम्ही विचाराल, दहा वर्षं का गप्प होतात. मग वीस झाली. दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं. वसंतात त्या उतारावर तुम्ही झाड दाखवलंत, तेव्हा मला वाटलं, आता सांगायचं राहिलं तरी चालेल."

पहिल्यांदाच चंद्रहासला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. रेन एकेकाकडे बघत होती, आपण काय मोडलं ते तिला समजत नव्हतं. मधुरिमा वडिलांच्या मागे उभी राहिली होती. तिचा हात त्यांच्या खांद्यावर जायला निघाला होता, पण पोचला नव्हता.

बाईंना सासूबाईंचे हात आठवले. मोरीत इतका वेळ धूत होत्या ते. त्यांना तेव्हा वाटलं होतं, विटाळ धुतायत. नखांतली माती धूत होत्या. आपल्या पोराला शेवटचा हात त्या बाईचा लागला, जिला त्यांनी आयुष्यभर शिव्या घातल्या, जिच्या मरणाला त्या गेल्या नाहीत. आणि ती आता त्याच्यावरच पसरून पडली आहे. तिच्यावर थोरला दीर. रडू यावं तर तेही येईना, दुखण्याने सगळं आटवून टाकलं होतं.

चंद्रहासने मग आपल्या परीने वाट काढली. मूठभर माती आणू, तो म्हणाला. भांडं नाही तर नाही, तिथली माती आणून ताईबरोबर झाडाखाली ठेवू. रेनने लगेच मान हलवली, हो, गुरुजीही तसंच म्हणाले, काही लोक तसं करतात. पुढच्या वेळी दगड उघडेल तेव्हा घेता येईल.

"कधी उघडतो?" बाईंनी विचारलं.

रेन खाली बघून म्हणाली, "कोणी गेल्यावरच."

त्यासाठी कोणीतरी जायला हवं, आणि त्या घरात पुढचा नंबर कोणाचा ते सगळ्यांनाच माहीत होतं. जिवंतपणी त्या मातीला बाईंचा हात लागणार नव्हता. देवळापर्यंतचा प्रवासही आता होण्यासारखा नव्हता, परवा संडासापर्यंत जाताना दोनदा बसावं लागलं होतं.

"आणि त्या मुठीत कोण येणार?" त्या म्हणाल्या. "सासरे येणार, सासूबाई येणार, दीर येणार. चाळणीने चाळणार का तुम्ही? तो नेमका मुठीत आला नाही तर?"

बाई जरा पुढे सरकल्या. त्यांनी तेत्सुओंच्या मनगटाला धरलं, आणि त्यांच्या आवाजात रागाचा मागमूसही उरला नव्हता. त्या विनवत होत्या.

"कोणता कोपरा? तुम्ही होतात ना तिथे. डावीकडचा की उजवीकडचा? पुढचा की मागचा? तेवढं सांगा. बाकी काही विचारत नाही मी."

तेत्सुओंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, जणू त्या दिवशीची माणसं एकेक करून जागेवर उभी करत होते.

"आई वाकली होती," ते म्हणाले. "मला तिची पाठ दिसत होती. आठवत नाही."

"आठवा ना."

"ज्योत्स्ना, मला आठवत नाही."

म्हणजे जगात ज्या एका बाईला तो कोपरा माहीत होता तिला चार शब्द विचारता आले असते, ती होती तोवर. म्हातारी नव्वदीपर्यंत होती, डोकं शेवटपर्यंत शाबूत. फोन उचलला असता तर तिने सांगितलं असतं. टोमणा मारून का होईना, सांगितलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो दोघींचाही गेला नाही, आणि आता एकीचा सुंभही उरला नाही.

बाईंनी मनगट सोडलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. बाल्कनीच्या कठड्यावर कावळे परत येऊन बसले होते, सकाळच्या वाडीच्या आशेने, आणि त्यांना हाकलायला कोणी उठलं नाही. बाईंच्या डोळ्यांसमोर ते ओकचं झाड आलं. आयुष्यात आईच्या, सासूच्या, नवऱ्याच्या सांगण्यावाचून त्यांनी स्वतः निवडलेली ती एकच जागा होती.

"झाड नको," त्या म्हणाल्या.

मधुरिमा काहीतरी बोलायला गेली. बाईंनी हात वर केला. मधुरिमाला हवा होता तो नावाचा दगड आता मिळणार होता, आणि ती रडत होती.

"मला क्योतोला न्या. सगळी न्या. इथे सगळी हाडं देतात ना, त्यातलं एकही मागे ठेवायचं नाही. चंदू, नाशिकला काही नाही, मागू नकोस. बारीक करा आणि तिथे न्या. आणि एका जागी ओतू नका. चारही कोपऱ्यांत पसरा, भिंतीपर्यंत. कुठेतरी लागेन मी त्याला."

चंद्रहासने मान हलवली. तेत्सुओ खूप हळू म्हणाले, "मीही तिथेच येईन."

"तुमचं तुम्ही बघा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी लेकीला आणि नातीला जवळ बोलावलं. दोघी येऊन खुर्चीशी खाली बसल्या. बाईंना दम लागला होता, शब्द एकेक करून बाहेर येत होते.

"तुम्ही दोघी जायचं. कोणी काही सांगितलं तरी जायचं. बाह्या वर करा आणि आत हात घाला. घरी बसून राहू नका."

रेनला सगळे शब्द कळले नाहीत. तिने आईकडे पाहिलं, आणि मधुरिमाने तिला ते जपानीत सांगितलं.